स्नोबोर्डचा ब्रेक वेगासाठी नसतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत हिवाळी सहलींवर जो मजकूर आला, त्यात स्नोबोर्डला, म्हणजे दोन्ही पाय बांधून बर्फावरून घसरायच्या फळीला, ब्रेक बसवून घेतला की नवशिक्याचा वेग आटोक्यात राहतो, असा सूर होता. इंदूरहून गुलमर्ग-औलीला जाणाऱ्यांपैकी काही जण आता स्वतःचा बोर्ड नेतात. असा ब्रेक इथेच एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यावा, असे बेतही कानावर येतात. म्हणून पत्र थोडं लांबलं तरी छापावं, ही विनंती.

घोटाळा ‘ब्रेक’ या शब्दाचाच आहे. सायकलचा ब्रेक चालती सायकल थांबवतो. स्नोबोर्डचा ब्रेक मात्र माणूस बोर्डावर असेपर्यंत काहीच करत नाही आणि त्याने काही करूही नये. त्याचं काम पाय सुटल्यावर सुरू होतं: बुटाखाली दाबलेलं पेडल मोकळं होतं आणि दांडे खाली येऊन बर्फात रुततात. ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणं अडकवतात, त्या जातीची ही वस्तू. वेग कमी करायचा तो बोर्ड उताराला आडवा करून आणि टाचेकडची किंवा चवड्याकडची पोलादी कडा बर्फात दाबूनच. चालू बोर्डाखाली मध्येच काही खुपसलं, तर बोर्ड जागीच अडकेल आणि वरचा माणूस तोंडावर पडेल.

स्कीला ब्रेक असतो, त्याचं कारण वेगळं आहे. स्कीवाला पडला की बाइंडिंग, म्हणजे बूट धरणारी पकड, बूट सोडून देतं, म्हणजे गुडघा पिरगळत नाही. पण मग सुटलेली स्की खाली धावू नये म्हणून तिचे ब्रेकचे दांडे आपोआप खाली येतात. स्नोबोर्डचं बाइंडिंग पडल्यावर सुटत नाही, दोन्ही पाय पट्ट्यांत अडकलेलेच राहतात. त्यामुळे बहुतेक बोर्ड ब्रेकशिवायच विकले जातात आणि भिस्त पायाला बांधायच्या लीशवर, म्हणजे आखूड दोरीवर असते. धोका उरतो तो बोर्ड बांधतानाच्या आणि सोडतानाच्या अर्ध्या मिनिटात. हातमोजे काढलेले, लीश नुकतीच सोडलेली, लक्ष पट्ट्याच्या दातऱ्यांत, आणि बोर्ड निसटतो.

निसटला तर काय होतं, याचा हिशोब सोपा आहे. बाइंडिंगसकट बोर्डाचं वजन साधारण पाच किलो धरा. उतार फक्त १० अंशांचा, म्हणजे शिकाऊंचाच. मेण लावलेल्या तळाचं घर्षण वजा केलं, तरी असा बोर्ड पहिल्या तीन सेकंदांत साडेपाच मीटर गेलेला असतो. बर्फाच्या बुटांत त्याला धावून पकडणं तेव्हाच अवघड झालेलं असतं. उतारावर ५० मीटर घसरेपर्यंत त्याचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या घरात जातो. गुलमर्गला गंडोल्याच्या, म्हणजे केबिनवाल्या रोपवेच्या, पहिल्या टप्प्याच्या पायथ्याशी घसरगाड्या ओढणारे, भाड्याचे गमबूट घालून फिरणारी कुटुंबं आणि लहान मुलं अशी सगळी गर्दी असते. तिथे पोलादी कडांचं पाच किलोचं फळकूट त्या वेगाने आलं, तर गुडघ्याखालचं हाड राहणार नाही.

आता ब्रेक कुठे बसवायचा? इथेच सर्वांत जास्त चूक होते. पुष्कळांना वाटतं मागच्या पायाखाली, कारण सायकलचा आणि मोटारसायकलचा सरावाचा ब्रेक मागचा. पण स्नोबोर्डवाला लिफ्टच्या रांगेत मागचा पाय मोकळा करतो आणि पुढचा बांधलेला ठेवून ढकलत जातो. ब्रेकचं पेडल मागे असेल, तर रांगेत पाय काढल्या क्षणी दांडे खाली येतील आणि बोर्ड बर्फात रुतून बसेल. चेअरलिफ्टवरून उतरताना तर हमखास पडाल. पेडल पुढच्या पायाखालीच हवं, कारण तो पाय सर्वांत आधी बांधला जातो आणि सर्वांत शेवटी सुटतो. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला ते डावीकडे, उजवा ठेवणाऱ्याला उजवीकडे. म्हणून दोघांत एक बोर्ड वापरायचा असेल तर आधी हे विचारा.

पुढच्या बाइंडिंगमध्येही जागा महत्त्वाची आहे. टाचेखाली पेडल ठेवलं तर चवड्याच्या वळणात टाच किंचित उचलली जाते, चवड्याखाली ठेवलं तर टाचेच्या वळणात चवडा. दोन्ही वेळा दांडे अर्धवट खाली येऊ शकतात. घोट्याचा पट्टा जिथे वरून दाबतो, त्या पावलाच्या मधल्या भागाखाली पेडल सगळ्यांत शांत राहतं. पेडलची पट्टी बाइंडिंगच्या चवड्याकडच्या उघड्या तोंडातून आत घ्यावी. बाजूच्या भिंतीवरून घेतली तर पट्टा नीट आवळत नाही.

बोर्डाला नवीन भोक पाडू नका, ही आमची सर्वांत कळकळीची सूचना. बोर्डाच्या आत हलक्या लाकडाचा गाभा असतो, त्याच्या वर-खाली काचतंतूचे थर आणि तळाला पॉलिथिलीन. बाइंडिंगच्या जागी एकूण जाडी सेंटिमीटरच्या आसपास. त्यात लाकूडकामाचा स्क्रू मारला तर तो धरत नाही आणि भोकातून वितळलेल्या बर्फाचं पाणी गाभ्यात शिरतं. लाकूड फुगतं, थर सुटतात. इथल्या बाजारात ड्रिल मारून देणारा पाच मिनिटांत मिळेल, तो कामातही वाकबगार असेल, पण बोर्ड जातो तो जातोच. बाइंडिंगसाठी बोर्डात आधीच पोलादी इन्सर्ट, म्हणजे आतून आटे पाडलेली नळकांडी, बसवलेले असतात, ६ मिलिमीटरच्या आट्यांचे. ब्रेकचा पत्रा बाइंडिंग आणि बोर्ड यांच्या मध्ये सरकवून त्याच चार स्क्रूंनी धरायचा. भोकांची मांडणी बहुधा चार सेंटिमीटरच्या चौकोनात असते, काही बोर्डांत ४० बाय २० मिलिमीटर. बर्टन कंपनीच्या चॅनेलवाल्या बोर्डाला इन्सर्टऐवजी लांब खाच असते आणि त्यात फक्त दोन बोल्ट सरकतात. त्याला चार भोकांचा पत्रा चालत नाही. म्हणून पत्रा कापायला देण्याआधी बाइंडिंगच्या मधली, स्क्रू जिच्यातून जातात ती चकती काढून भोकांवर कागद ठेवा, पेन्सिल घासून छाप घ्या आणि तो कागद कारागिराला द्या.

पत्रा जितका जाड, तितका स्क्रू लांब लागतो. गल्लत नेमकी इथे होते. ३ मिलिमीटरचा पत्रा घातला आणि जुनेच १६ मिलिमीटरचे स्क्रू वापरले, तर इन्सर्टमध्ये जेमतेम दोन-तीन आटे पकडतात. पहिल्याच आपटीत आटे जातात आणि मग तो इन्सर्ट कायमचा कामातून गेला. उलट, असू दे लांब म्हणून २५ मिलिमीटरचे घेतले, तर टोक इन्सर्टच्या तळाला टेकतं, तुम्ही पिळत राहता आणि बोर्डाच्या तळावर चार फोड उठतात. हात फिरवला की ते बोटांना लागतात. तेव्हा मोजून घ्या. इन्सर्टमध्ये आगकाडी उभी धरून खोलीची खूण करा. मग चकती, बाइंडिंगचा तळ आणि पत्रा एकत्र हातात धरून स्क्रू आरपार घाला आणि बाहेर किती येतो ते पाहा. निदान ५ मिलिमीटर यावा आणि काडीवरच्या खुणेपेक्षा एखादा मिलिमीटर कमी असावा. या आट्यांत एका फेऱ्याला एक मिलिमीटर आत जातो, म्हणून हाताने घालताना पाच पूर्ण फेरे मोजले तरी पुरतं. बाजारात १६ नंतर थेट २० मिळतो, तो मिलिमीटरभर जास्त भरला तर डोक्याखाली वायसर घाला. डोकं चकतीच्या खळग्यात बसेल अशाच आकाराचं हवं. स्क्रू स्टेनलेसचे घ्या.

या स्क्रूंची फुली साधी नसते, बहुधा पोझीड्राइव्ह ३ नंबरची. साध्या फुलीच्या पेचकसाने डोकं खरवडतं आणि पुढे गुलमर्गच्या थंडीत ते काढायला कोणी येत नाही. मोटारीच्या चाकाचे नट आवळतात तसे समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, हातानेच. ड्रिल मशीनने कधीच नाही. आटे सुटू नयेत म्हणून निळं लॉकटाइट आट्यांवर एक थेंब पुरे. ते प्लास्टिकच्या चकतीला लागू देऊ नका, काही प्लास्टिक त्याने तडकतं. लाल लॉकटाइट तर नकोच, ते तापवल्याशिवाय सुटत नाही. पहिल्या दिवसाच्या शेवटी पुन्हा एकदा आवळा.

पत्रा बाइंडिंगच्या तळापेक्षा मोठा करू नका. दोन्ही बाइंडिंग जोडणारी लांब पट्टी दिसायला मजबूत वाटते, पण मधला बोर्ड वाकायचा बंद होतो. एका पायाखाली ३ मिलिमीटर वाढले, तर दुसऱ्या पायाखालीही तेवढ्याच जाडीचा साधा पत्रा घाला.

‘ॲडजस्टेबल’ म्हणजे नेमकं काय ॲडजस्ट व्हायला हवं? पहिली गोष्ट रुंदी. बोर्डाची कंबर, म्हणजे मधला सर्वांत अरुंद भाग, २४ ते २६ सेंटिमीटर आणि बाइंडिंगच्या जागी थोडी जास्त. स्कीचा ब्रेक काढून इथे लावू म्हणणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं, कारण तो १० सेंटिमीटरच्या आगेमागे रुंदीचा असतो. दांडे खाचेतून आत-बाहेर सरकणारे हवेत. उघडले की कडेबाहेरून तळाखाली तीन ते पाच सेंटिमीटर उतरावेत, मिटले की पूर्णपणे बोर्डाच्या वर आणि कडेपासून निदान अर्धा सेंटिमीटर आत. मिटलेला दांडा कडेबाहेर राहिला, तर बोर्ड कडेवर कलंडल्याबरोबर तो बर्फात अडकतो.

दुसरी गोष्ट पेडलचा कोन. बाइंडिंगचा कोन तुम्ही १५ अंशांवरून १८वर नेला, तर पेडलची पट्टीही तेवढी फिरली पाहिजे. तिसरी स्प्रिंग. ती ढिली असेल तर दांडे घट्ट बर्फात टोचत नाहीत. फार ताठ असेल तर बुटाला खालून सतत ढकलते, दिवसभरात पट्टा सैल होतो आणि वळणात दांडे डोकावतात. घरच्या घरी करायची परीक्षा अशी. फरशीवर जुनी सतरंजी टाकून बोर्ड ठेवा, पाय काढा. दांड्यांनी बोर्डाचा पुढचा भाग जमिनीवरून उचलला पाहिजे. मग बूट बांधून पट्टा दोन दाते सैल करा आणि चवडा, टाच आळीपाळीने उचलून पाहा. दांडे जागचे हलता कामा नयेत.

बोर्ड स्कीसारखा एकाच दिशेने धावत नाही, शेपटी पुढे करूनही तितकाच छान घसरतो. त्यामुळे तिरपा दांडा एका बाजूने अडतो आणि उलट बाजूने बर्फच त्याला मिटवून टाकतं. दांडा जवळजवळ उभा हवा आणि दोन्हीकडे अडणारी खुंटी हवी. ताज्या भुसभुशीत बर्फात नुसती तार चक्क्यातून सुरी जावी तशी जाते, म्हणून टोकाला दोन बोटं रुंदीचं चपटं पातं लागतं. नायलॉनचं चालेल, स्वस्त ठिसूळ प्लास्टिक थंडीत मोडतं.

बर्फावर पोचल्यावर पहिली चाचणी जवळजवळ सपाट जागी घ्या. सामान तोलायचा हूकवाला काटा पुढच्या बाइंडिंगला अडकवून बर्फाला समांतर ओढा. ३० अंशांच्या उतारावर पाच किलोचा बोर्ड सुमारे सव्वादोन किलोच्या जोराने खाली ओढला जातो. काट्यावर पाच किलोपर्यंत तो हलला नाही तर दुप्पट राखीव जोर आहे. मग हलक्या उतारावर कोणाला तरी खाली उभं करून सोडून पाहा, एकदा नाक पुढे, एकदा शेपूट पुढे. दोन मीटरच्या आत थांबला पाहिजे.

दिवसभरातला खरा शत्रू मात्र गोठलेला बर्फ. पेडलखाली बर्फ साचतं, बुटाच्या दाबाने त्याचा दगड होतो आणि पेडल पूर्ण खाली जात नाही. उलटही होतं, उन्हात भिजलेली बिजागरी सावलीत गोठते आणि पाय काढला तरी दांडे वरच राहतात. पेडलखाली मोठी भोकं ठेवली तर बर्फ खाली गळून जातं. बिजागरीला सिलिकॉनचा फवारा द्या, ग्रीस नको, ते थंडीत घट्ट होतं. आणि पाय घालण्याआधी दर वेळी अंगठ्याने पेडल दाबून पाहा.

हे सगळं नीट जमलं तरी लीश सोडू नका. बोर्ड काढून ठेवाल तेव्हा बाइंडिंग खाली करून, उताराला आडवा आणि वर दोन मुठी बर्फ. ब्रेक असो वा नसो. भाड्याच्या बोर्डात असे फेरफार करू नका, लीश मागा आणि नसेल तर दोन मीटर दोरी सोबत न्या.

एक शेवटची गोष्ट गंडोल्यातल्या मंडळींसाठी. बोर्ड हातात घेतला की दांडे उघडतात आणि केबिनमध्ये शेजारच्याच्या मांडीत शिरतात. म्हणून ते मिटवून धरणारा रबरी पट्टा हवाच. तो भडक लाल किंवा केशरी घ्या, पांढरा किंवा काळा नको. वर उतरल्यावर पट्टा काढायचा राहिला, तर तो पेडलवरच दिसायला हवा.

आपले,
दर हिवाळ्यात बर्फावर जाणारे काही वाचक
रामबाग, इंदूर