२२ सेकंदांची शर्यत दुय्यम कशी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लॉस एंजेलिस येथे २०२८ साली होणाऱ्या ऑलिंपिकमध्ये बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक आणि ब्रेस्टस्ट्रोक या तिन्ही प्रकारांत ५० मीटरच्या शर्यती घेण्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला आणि तलावातील शर्यतींची संख्या ३५ वरून ४१ वर गेली. या वाढीवर आपल्या क्रीडापानात आलेल्या टिपणाचा एकंदर सूर असा होता की, हे शंभर मीटरच्या शर्यतींचेच अर्धे तुकडे असून, ज्यांच्या गळ्यात आधीच पदके आहेत त्यांनाच आणखी पदके मिळण्याची ही सोय आहे. पुरुषांच्या ५० मीटर बटरफ्लायपुरते, म्हणजे दोन्ही हात एकाच वेळी पाण्याबाहेरून पुढे टाकत पोहण्याच्या प्रकारापुरते, तरी हे मत मला पटलेले नाही.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ही शर्यत २००१ साली फुकुओका येथे प्रथम घेण्यात आली. तेव्हापासूनच्या विजेत्यांची यादी पाहिली तरी टिपणकारांच्या मुद्द्याला बरेचसे उत्तर मिळते. २०११ आणि २०१३ साली ब्राझीलचा सेझार सिएलो जिंकला, २०१५ साली फ्रान्सचा फ्लोराँ मानोदू, तर २०१७ साली ब्रिटनचा बेन प्राउड. हे तिघेही मुळात फ्रीस्टाइलचे वेगवान जलतरणपटू. २०२३ साली सुवर्णपदक मिळवणारा इटलीचा थॉमस चेकोन हा तर बॅकस्ट्रोकचा माणूस; पुढे पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये विजेता ठरला. यांपैकी एकालाही १०० मीटर बटरफ्लायचे जागतिक विजेतेपद मिळालेले नाही. अर्थात अमेरिकेचा केलेब ड्रेसेल (२०१९), पोर्तुगालचा दियोगो रिबेरो (२०२४) आणि फ्रान्सचा मॅक्सिम ग्रूसे (२०२५) यांनी एकाच स्पर्धेत दोन्ही अंतरे जिंकली, हे टिपणकारांच्या बाजूने सांगता येईल. पण ट्रॅकवर १०० आणि २०० मीटर हे दोन्ही जिंकणारे धावपटू आपण पाहिलेले आहेत, आणि त्यावरून त्यांतली एक शर्यत फालतू आहे असे कोणी म्हणत नाही.

दोन अंतरांतील फरक २००९ च्या रोम स्पर्धेत सर्वांत स्पष्ट दिसला. सर्बियाच्या मिलोराद चाविचने ५० मीटरची शर्यत २२.६७ सेकंदांत जिंकली. १०० मीटरच्या अंतिम फेरीतही पहिल्या ५० मीटरच्या भिंतीला सर्वांआधी तोच पोहोचला होता, पण परतीच्या लांबीत अमेरिकेच्या मायकेल फेल्प्सने त्याला गाठले आणि ४९.८२ विरुद्ध ४९.९५ अशी बाजी मारली. परतीची लांबी राखून ठेवलेल्या ताकदीवर पोहली जाते. ५० मीटरमध्ये राखून ठेवण्यासारखे काही नसतेच. तलावाची लांबीच ५० मीटर, त्यामुळे येथे वळण नाही. काठावरच्या सुरुवातीच्या ठोकळ्यावरून उडी, त्यानंतर नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १५ मीटरपर्यंत पाण्याखाली डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून लाटेसारखे मारणे) आणि उरलेले अंतर पृष्ठभागावर. या सगळ्यात श्वास एकदा घ्यायचा की मुळीच घ्यायचा नाही, हेसुद्धा आधी ठरवून यावे लागते, कारण डोके वर आले की कंबर खाली जाते आणि वेग मरतो.

त्याहून अवघड असतो तो शेवट. बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात, त्यामुळे भिंत अर्ध्या हाताच्या अंतरावर आली की पोहणाऱ्यापुढे दोनच वाटा असतात: हात लांब करून तसेच सरकत जायचे, किंवा घाईने आणखी एक आखूड हात मारायचा. २००८ साली बीजिंगमध्ये १०० मीटरच्या अंतिम फेरीत चाविच सरकत गेला, फेल्प्सने तो जादा हात मारला, आणि निकाल लागला ५०.५८ विरुद्ध ५०.५९. ५० मीटरमध्ये ही चूक भरून काढायला मागे काहीच उरलेले नसते. सिंगापूरच्या जागतिक स्पर्धेत जुलै २०२५ मध्ये ग्रूसेने २२.४८ सेकंदांत सुवर्ण जिंकले तेव्हा स्वित्झर्लंडचा नोए पोंती अवघा तीन शतांश सेकंद मागे होता. सरासरी वेगाच्या हिशेबाने हे अंतर सहा-सात सेंटिमीटर भरते. युक्रेनच्या आंद्री होव्होरोव्हने २०१८ साली रोममध्ये नोंदवलेला २२.२७ सेकंदांचा जागतिक विक्रम त्या दिवशीही शाबूत राहिला.

आधीच श्रीमंत असलेल्यांना आणखी पदके, हा आक्षेप मला विशेष खटकला. ब्राझीलचा निकोलस सांतोस याने २०२२ साली बुडापेस्टमध्ये या शर्यतीत रौप्यपदक घेतले तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. जी शर्यत त्याला सर्वांत चांगली येत होती ती त्याच्या उभ्या कारकिर्दीत ऑलिंपिकमध्ये नव्हतीच.

आणि हे दुःख फक्त ब्राझीलचे नाही. आमच्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडे याने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत नेमक्या याच ५० मीटर बटरफ्लायमध्ये २४.३१ सेकंदांची वेळ देत कांस्यपदक मिळवले. १९८६ साली सेऊलमध्ये खजानसिंग यांनी २०० मीटर बटरफ्लायमध्ये रौप्य जिंकल्यानंतर तब्बल २४ वर्षांनी भारताला जलतरणात मिळालेले ते आशियाई पदक होते. वीरधवल तेव्हा १९ वर्षांचा होता. त्या पदकाचे कौतुक झाले, पण त्यापुढे ऑलिंपिकचा रस्ता नव्हता. आशियात तिसरा आलेल्या मुलाला त्याच शर्यतीची तयारी पुढे चालू ठेव, असे कोणत्या प्रशिक्षकाने कोणत्या तोंडाने सांगावे? आता तसे सांगता येईल. त्यासाठी मात्र उड्या मारण्याइतकी खोली आणि नीट बसवलेले ठोकळे असलेले तलाव, वर्षभर उघडे राहणारे, जिल्ह्याजिल्ह्यांत हवेत. ज्या शर्यतीचा मोठा भाग उडी आणि पाण्याखालची किक यांवर ठरतो, तिचा सराव उथळ टाकीच्या काठावरून होत नाही.

आपल्या क्रीडापानाला एक विनंती आहे. राज्य आणि राष्ट्रीय जलतरण स्पर्धांचे निकाल देताना केवळ पदकविजेत्यांची नावे न देता पहिल्या आठ जणांच्या वेळा शतांश सेकंदांपर्यंत छापाव्यात, आणि त्यांशेजारी चालू जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीतील वेळाही द्याव्यात. २४.३१ आणि २२.४८ यांमधले अंतर आपली मुले किती कापत आहेत, हे मग वाचकांना स्वतःलाच पाहता येईल.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, कोल्हापूर