एकांकिकेच्या तालमीआधी बघण्यासारखं

जर्सी सिटी

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचा ग्रुप तुरुंगातल्या बायकांवर एकांकिका बसवतोय, तर ‘ऑरेंज इज द न्यू ब्लॅक’ ही अमेरिकी मालिका आधी बघाच. सात सीझन, ९१ भाग, बहुतेक तासाभराचे. सगळं जमलं नाही तर निदान पहिला आणि चौथा सीझन. शिव्या आणि उघडी दृश्यं भरपूर आहेत, आई-बाबांसमोर लावू नकोस.

मालिकेची नायिका पायपर, तिच्यावर वैतागून बरेच जण मध्येच सोडतात. ती आपल्याला आत नेण्यापुरती आहे. मूळ आठवणी खऱ्या पायपर कर्मनच्या, ती १३ महिने तुरुंगात होती, बहुतेक काळ अमेरिकेतल्या डॅनबरीच्या. मालिकेतला लिचफील्डचा तुरुंग मात्र काल्पनिक. मालिका रचणाऱ्या जेन्जी कोहनने तिथल्या एकेकीचं बाहेरचं आयुष्य भागाभागांत पेरलंय. गुन्हा बऱ्याचदा उशिरा कळतो, तोवर त्या बाईत आपला जीव गुंतलेला असतो. तुम्हीही कलमं पहिल्याच प्रवेशात सांगून टाकू नका.

भांडणाला चाकू लागत नाही, हे पहिल्या सीझनच्या दुसऱ्या भागात बघ. पायपरने जेवणाला नावं ठेवली म्हणून स्वयंपाकघर सांभाळणारी रेड तिचं जेवणच बंद करते. शेवटी पायपर मिरची आणि कोको बटरचं मलम करून रेडच्या दुखऱ्या पाठीसाठी देते. पैसा नाही, दुकान नाही, मग एकेक जिन्नस मिळवायचा कुठून, यावर अख्खा भाग उभा राहतो. एकांकिकेला एवढा धागा पुरे.

चौथ्या सीझनमध्ये तुरुंग खाजगी कंपनीकडे असतो. नफ्यासाठी कैदी वाढतात, पहारेकरी अननुभवी येतात. बाराव्या भागातला मृत्यू त्यातूनच घडतो, त्याला एक खलनायक पुरला नसता. पाचवा सीझन नंतरच्या बंडाच्या तीन दिवसांचा. तेरा भागांत ते ताणलं गेलंय, आणि धिंगाण्यात दुःख हरवतं. तो सीझन २०१७ च्या जूनमध्ये आला, आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात एका कैदी बाईच्या मृत्यूनंतर बाकीच्या बायका पेटून उठल्या होत्या. तेव्हाच्या बातम्या काढून वाच, तुमचं नाटक तिथलं आहे.

मालिकेतल्या सुझॅनसारखी भूमिका करणारीने, सुझॅन झालेल्या ऊझो अडूबाला बारकाईने बघावं. याच भूमिकेसाठी तिला २०१४ मध्ये विनोदी आणि २०१५ मध्ये गंभीर मालिकेच्या विभागात एमी हा अमेरिकी टीव्हीचा पुरस्कार मिळाला. ती हसवायला जात नाही. समोरच्याचं लक्ष मिळावं म्हणून जीव तोडून धडपडते, त्यात हसूही येतं आणि पोटात कालवतंही. तालमीत हशा आला की आवाज चढवायचा मोह होईल, तेवढा टाळा.

संहिता पाठव. आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
सुमेधा