उस्ताद, पुठ्ठा अजून कोरडा आहे

उस्ताद, नमस्कार.

तुम्ही मोबाईल फक्त फोन उचलण्यापुरता वापरता, हे मला माहीत आहे. त्यामुळे हे पत्र तुमचा नातूच तुम्हाला वाचून दाखवणार. त्याला एवढंच सांगणं, मधलं काही गाळू नकोस बाळा.

आज सकाळी गाडीखालचा पुठ्ठा ओढून बघितला. तुम्ही गाडीची तेलगळती काढून दिलीत, तेव्हापासूनचा हा पुठ्ठा; एक्केचाळीस दिवस झाले त्याला. त्यावर मांजराची पावलं आहेत, चिमण्यांची घाण आहे, शेजारच्या पोरानं खडूनं काढलेली मोटार आहे. तेल नाही. सव्वा वर्ष मी दर चार दिवसांनी पुठ्ठा बदलत होते. आमच्या म्हसरूळच्या गल्लीतल्या किराणावाल्यानं तर शेवटी विचारलं, ताई, खोक्यांचा धंदा काढला का?

गाडी आप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. 2008 ची 407, टाटाचा छोटा ट्रक. आप्पांचे गुडघे गेले, माझा नवरा अंबडला कंपनीत शिफ्टमध्ये, तेव्हा चार वर्षांपूर्वी गाडी माझ्या गळ्यात पडली. भाडी मी ठरवते, हिशोब मी ठेवते, दरवर्षी पेठ रोडला पासिंगला गाडीबरोबर मी जाते. आठ वर्षांच्या वरच्या गाडीला दरसाल फिटनेस लागतो, हे मला आता झोपेतही म्हणता येतं. चालवता येत नाही, तेवढं सोडलं तर गाडी माझी.

पण गॅरेजमध्ये ती कधीच माझी नसायची. तुमच्याकडे येण्याआधी आम्ही चार ठिकाणी फिरलो. नावं घेत नाही, त्यांचीही पोटं आहेत. पहिल्यानं चेंबरचं, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याचं, पॅकिंग बदललं. दुसऱ्यानं तेच पॅकिंग पुन्हा बदललं आणि वरून सिलिकॉन असं थापलं की लग्नाच्या केकवर क्रीम बरं. तिसरा म्हणाला, "जुनी गाडी गळणारच. गळायची थांबली की समजा आतलं तेल संपलं." हा विनोद मी तोवर तीनदा ऐकला होता, तरी हसले, कारण गाडी त्याच्या जॅकवर होती. चौथ्यानं क्रँकचं मागचं सील सांगितलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल म्हणाला, आणि उतरवतोच आहे तर हाफ इंजिन करून घ्या, म्हणजे पिस्टनच्या रिंगा वगैरे नव्या, साठ हजार धरून चाला.

हे सगळं त्यांनी आमच्या ड्रायव्हरदादाला सांगितलं. मी शेजारी उभी. प्रश्न मी विचारायचा आणि उत्तर दादाच्या तोंडाकडे बघून द्यायचं. एकानं तर मी पैसे मोजत असताना विचारलं, "मालक नाही आले?" गाडीच्या पाठीमागे मालकाच्या जागी माझं नाव रंगवलेलं आहे, आणि त्याच्याखालीच तो बसला होता.

साठ हजार म्हणजे आमच्यासाठी टोमॅटोचा अर्धा हंगाम. मी नाही म्हटलं. तेल ओतत राहिले आणि गाडी चालवत राहिले. ते माझं चुकलंच. सावळ घाटात ते कळलं. गिरणाऱ्याहून शंभर कॅरेट भरून गाडी गुजरातकडे निघाली होती, म्हणजे दोन टन माल. उतारावर दादानं ब्रेक दाबला आणि गाडी एका अंगाला खेचायला लागली. गिअरवर कशीबशी सांभाळत खाली आला आणि तिथून मला फोन केला. तोंडातून शब्द फुटत नव्हता. नुसतं "वहिनी, वहिनी" करत होता. त्याला दोन लेकरं आहेत, उस्ताद. त्या रात्री मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी हळूहळू आडगावला तुमच्या गॅरेजपर्यंत आणली. कुणीतरी तुमचं नाव सांगितलं होतं. तुम्ही कुठे गळतंय ते बघितलंच नाही आधी. म्हणालात, एवढ्या चिखलात काय दिसणार? डिझेल आणि ब्रश घेऊन पोरांकडून इंजिन धुऊन घेतलंत, हवा मारून कोरडं केलंत. मग मला विचारलंत, "ताई, तोंडाला लावायची पावडर आहे का?" मला वाटलं चेष्टा करताय. समोरच्या टपरीवरून दहा रुपयांची डबी आणली. तुम्ही ती इंजिनवर अशी शिंपडलीत, जसं काही बाळाला आंघोळ घालून झाली आहे. गाडी चालू केली, वीस मिनिटं रेसवर ठेवली.

आणि मग ते झालं, ज्याच्यासाठी मी हे पत्र लिहितेय.

तुम्ही गाडीखाली सरकलात, बॅटरी मारून बघितलंत, आणि बाहेर आलात. मला वाटलं आता दादाला हाक माराल. तुम्ही कोपऱ्यातलं गोणपाट घेतलंत, झटकलंत, उलटं करून गाडीखाली अंथरलंत. बॅटरीची तेलकट मूठ हात पुसायच्या सुताच्या स्वच्छ बाजूनं पुसलीत. ती माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "गाडी तुमची आहे, तुम्हीच बघा."

मी बघत राहिले. साडी नव्हती, ड्रेस होता, तरी गाडीखाली आडवं व्हायचं आणि आजूबाजूला तुमची चार पोरं. मी काही बोलले नाही. तुम्हीही बोलला नाहीत. नुसतं पोरांकडे वळून म्हणालात, "जा रे, चहा घेऊन या. सगळे जा." दादालाही पाठवलंत त्यांच्याबरोबर. आणि स्वतः माझ्याकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून बसलात, आणि तिथूनच सांगत राहिलात: वरती बघा, डावीकडे, पांढऱ्यावर काळी रेघ दिसते का?

दिसली. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या अगदी वरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून निघालेली, केसाएवढी बारीक. पावडरीतून वाट काढत इंजिनच्या पाठीवरून खाली उतरत होती आणि इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरच्या बेल हौसिंगच्या टोकाला थेंब धरत होती. म्हणूनच सगळ्यांना वाटायचं चेंबर, सगळ्यांना वाटायचं मागचं सील. तेल वरून येत होतं आणि आम्ही खाली पुसत होतो.

घरी जाताना माझ्या डोक्यात आलं की मी आल्या आल्याच तुमच्याकडे चहा झाला होता. रिकामे ग्लास टायरवर तसेच होते. कुणालाच चहा नको होता.

सव्वा वर्षात माझी गाडी मला कुणी दाखवली नव्हती. माझ्या घरातल्या माणसांनीसुद्धा, खरं सांगायचं तर. "तुला काय कळतंय त्यातलं" हे वाक्य आमच्याकडे प्रेमानंच म्हणतात. गोणपाटावरून उठताना माझ्या पाठीला तेल लागलं होतं आणि मला रडू येत होतं. तुम्ही म्हणालात, डिझेलनं पुसा, साबणानं जाणार नाही. ड्रेसबद्दल.

बाकीचं तुम्ही तासाभरात समजावलंत. तेलाचं झाकण काढून तोंडावर नुसतं उलटं ठेवलंत, तर इंजिन चालू असताना ते टणाटणा नाचायला लागलं. तुम्ही म्हणालात, रिंगा गेल्या असतील तर असंच होतं, म्हणून साठ हजार सांगणाऱ्याला एकदम खोटारडा म्हणू नका, पण त्यानं एक गोष्ट बघायची राहिली. मग ब्रीदरचा पाइप काढलात. आत काळी साय जमून भोक बंद झालं होतं. इंजिनला श्वास सोडायला जागा नाही, मग आतला दाब जिथून वाट मिळेल तिथून तेल ढकलतो. पाइप साफ करून लावलात, झाकण परत ठेवलंत. जरा थरथरलं आणि गप्प बसलं. दादानं त्या झाकणाला हात जोडले, आठवतं?

घाटात ब्रेक ज्यानं खेचला, त्या मागच्या चाकाचंही तेच दुखणं निघालं. मागच्या ॲक्सलच्या हौसिंगवरचा तो बोटाच्या पेराएवढा ब्रीदर चिखलानं बुजलेला, आतलं तेल तापून हबच्या सीलमधून ब्रेकच्या ड्रममध्ये उतरलेलं, ब्रेकचे लायनर भिजून चिंब. माती एका तारेनं निघाली. तार तुम्ही सायकलच्या स्पोकची वापरलीत. सील आणि दोन्ही बाजूंचे लायनर मात्र नवेच टाकलेत. भिजलेला लायनर घासून परत वापरतात बरेच जण, मी नाही वापरणार, म्हणालात. तिथे मी किंमतही विचारली नाही.

किरकोळ कामं तर मी मोजलीच नाहीत. इंडिकेटर लावला की हेडलाइट डोळे मिचकावायचा, ते अर्थिंगचं निघालं. तुम्ही पॉलिश पेपरनं चेसिसवरचा गंज खरवडलात आणि बोल्ट परत आवळलात. आप्पांच्या बाजूचा दरवाजा सहा वर्षं दोरीनं बांधलेला होता, त्याचं लॉक सरळ केलंत. याचे पैसे सांगा म्हटलं तर म्हणालात, दोरीचे द्या.

त्या सव्वा वर्षात मी तेल गळू नये म्हणून तेवीस हजार घालवले होते. तुमचं बिल सामानासकट सव्वापाच हजार झालं. पण स्वस्तात काम झालं म्हणून लिहीत नाहीये हे पत्र. तुम्ही पंधरा सांगितले असते तरी दिले असते, आणि तरी लिहिलं असतं.

सभ्यपणा म्हणजे गोड बोलणं, असं मला वाटायचं. त्या चौघांतला एक फार गोड बोलायचा, कोल्ड्रिंक मागवायचा. तुम्ही तसे बरेच खेकसता. माझ्यासमोर त्या बारक्याला पाना चुकीचा दिला म्हणून झापलंत. पण बाईमाणसाला अवघडल्यासारखं होतंय हे ओळखायचं, ते दूर करायचं, आणि आपण काही केलंय हे तिला कळूही द्यायचं नाही, हे मी आमच्या चुलत्यांत बघितलं होतं, आणि आता तुमच्यात. चुलते लासलगावला हमाल होते. शाळेचं तोंड न बघितलेले.

आप्पांना सगळं सांगितलं. ते दोन दिवस काही बोलले नाहीत. परवा मला हाक मारून म्हणाले, "बॅटरी घे, मला बी दाखव तो ब्रीदर." खुर्ची टाकून बसले गाडीजवळ. मी सांगत होते आणि ते ऐकत होते. दरवाजा मात्र त्यांनी सातदा उघडून लावला.

पावडरची डबी तुमच्याकडेच राहिली, राहू द्या. येत्या गुरुवारी भाडं नाही, गाडी घेऊन येते. डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजतोय. आणि पोरांना चहा माझ्याकडून, या वेळी खराच.

तुमची,
407 वाली ताई
म्हसरूळ, नाशिक