काकीस पत्र : आप्पांची दारू आणि आप्पांची झोप

अल्बुकर्क, न्यू मेक्सिको
१४ सप्टेंबर २०२५

ती. स्व. काकीस,
साष्टांग नमस्कार.

विसर्जनाच्या रात्रीचं दादाने सगळं सांगितलं. देवळापुढे सुतळी बॉम्ब फुटला, आप्पांनी चिनूला उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली ढकललं आणि वरून स्वतः आडवे झाले. पोरं हसली. मग आप्पा उठले, कपडे झटकले, एक शब्द न बोलता घरी गेले आणि दोन दिवस पीतच राहिले. दादाचं म्हणणं, दारूने त्यांचं डोकं फिरलंय. मला ते उलट वाटतं, आणि तेच नीट सांगावं म्हणून लिहायला बसले. फोनवर तुझ्याजवळ सारखं कुणीतरी असतं. हे पत्र तू एकटी असताना वाच.

आधी तातडीचं. दादाने कुणाच्या तरी ओळखीने आणलेली ती दारू सोडवायची पुडी आप्पांच्या भाजीत घालू नकोस. घातली असशील तर आजच बंद कर. अशा पुडीत काय आहे ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पुष्कळदा डायसल्फिराम असू शकतं. ते औषध खोटं नाही, डॉक्टरही देतात. दारू पोटात गेली की यकृतात तिचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं आणि पुढे तेही मोडून निघून जातं. डायसल्फिराम ही पुढची पायरी अडवतं. मग ते विष अंगात साठतं. तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी खाली येतं. आप्पांना बीपीची गोळी आहे, वय साठीच्या पुढे आहे. त्यांना न सांगता हे दिलं आणि ते नेहमीसारखे पिऊन आले तर जिवावर बेतेल. ज्या माणसाला माहीत आहे, ज्याची तयारी आहे, ज्याची तपासणी झाली आहे, त्यालाच ते द्यायचं असतं. शिवाय आप्पांना कळलं की बायकोने ताटात काही कालवलं, तर ते तुझ्या हातचं जेवणार नाहीत. घरात आता तेवढा एकच धागा शाबूत आहे.

दुसरं, खोलीत कोंडून एकदम दारू तोडायचा विचार कुणी काढला तर आडवी हो. तू म्हणालीस सकाळी त्यांचा हात इतका थरथरतो की चहा बशीत सांडतो, आणि एक घोट घेतला की हात थांबतो. शरीराला दारूची सवय लागल्याची ती खूण आहे. अशा माणसाची दारू अचानक बंद झाली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो. माणूस नसलेलं बघायला लागतो, घामाने भिजतो, ताप चढतो. तो दारूचा हट्ट नसतो, तेव्हा दवाखान्यातच न्यायला लागतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन हेच दिवस सुखरूप निघतात.

आता आप्पांबद्दल. ते १९८७ साली शांतिसेनेतून श्रीलंकेला गेले, हे आपल्याला त्यांच्या ट्रंकेतल्या फोटोमुळे कळलं, त्यांच्या तोंडून कधीच नाही. तिथे आपले सुमारे १२०० जवान कामी आले. काय पाहिलं, कोण शेजारी पडला, हे त्यांनी तुलाही सांगितलेलं नाही. पण लग्नाच्या मांडवात ते कायम भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. रात्री ओरडून उठतात. गवत पेटवलं की रानातून निघून येतात. फटाक्याला तर असं होतं. तिकडच्या बातम्या टीव्हीवर लागल्या की उठून गोठ्यात जातात. हे सगळं एका ठिकाणी मांडून बघ. याला पीटीएसडी म्हणतात. भयंकर प्रसंग संपून वर्षं लोटली तरी शरीर पहाऱ्यावरून उतरत नाही. मी लांबून निदान करत नाही, ते डॉक्टरच करतील. पण त्यांनी हे विचारायला हवं, आणि आपण सांगितलं नाही तर ते फक्त दारूच बघतील.

आपल्या सातारा जिल्ह्याला हे नवं वाटायला नको. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आपल्याकडे आहेत. त्या एकट्या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली, त्याचा स्तंभ तिथे उभा आहे. जे परत आले त्यांच्या झोपेचं काय झालं, याची नोंद कुणी ठेवली नाही. जगानेही फार उशिरा ठेवली. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला, तेव्हा कुठे १९८० मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत हा आजार आला. त्याआधी माणूस भेकड ठरायचा, नाहीतर दारुडा.

दारू आणि झोप यांचं नातं मी तुला मुद्दाम समजावते, कारण आप्पा म्हणतात ते निम्मं खरं आहे. "घेतल्याशिवाय झोप लागत नाही." घेतल्यावर लागते. पहिल्या काही तासांत दारू स्वप्नांची झोप दाबून टाकते. पण उत्तररात्री दारू उतरली की दाबलेली स्वप्नं उसळून येतात, झोप तुटते, काळीज धडधडतं. सावकारासारखं आहे ते, रात्री देते आणि पहाटे व्याजासकट वसूल करते. मग सकाळी अस्वस्थपणा जास्त, संध्याकाळी दारू जास्त. एडवर्ड खांत्झियन नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने १९८५ साली मांडलं, की पुष्कळ माणसं मजेसाठी पीत नाहीत, सहन न होणाऱ्या एखाद्या त्रासावर स्वतःच औषध करतात. सगळ्यांना हे लागू पडत नाही. आप्पांना पडतं, असं मला मनापासून वाटतं. ते पलटणीत असताना इतके पीत नव्हते, हे तूच सांगतेस. घरी आले, बरोबरीची माणसं सुटली, आणि मग वाढलं.

त्यावरून व्हिएतनामचाच एक अभ्यास आठवतो. तिथे अमेरिकी सैनिकांत हेरॉइन फार पसरलं होतं. पाचांतला जवळजवळ एक जण व्यसनात अडकला होता. सरकार घाबरलं, की ही पोरं घरी आल्यावर काय होणार. ली रॉबिन्स या बाईंनी परतलेल्या शेकडो जणांना शोधून काढून विचारलं. तिकडे व्यसन जडलेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा त्यात सापडलेले निघाले ५ टक्क्यांच्या आसपास. डॉक्टरांचाही विश्वास बसेना. यावरून काही लोक म्हणतात, जागा बदला, व्यसन सुटतं. मला तो अर्थ उथळ वाटतो. जागेबरोबर त्यांची भीती बदलली, सोबत बदलली, दिवसभराचं काम बदललं. आप्पांचं नेमकं उलटं झालं. म्हणून त्यांना आणखी कुठे नेऊन ठेवण्याआधी त्यांचा दिवस कशाने भरलाय ते बघायला हवं.

पूर्वी उपचारांत एक अडचण होती, आजही पुष्कळ ठिकाणी आहे. व्यसनाचे डॉक्टर म्हणायचे, आधी दारू सोडा, मग मनाचं बघू. मनाचे डॉक्टर म्हणायचे, पिणाऱ्याशी मी जुन्या जखमेबद्दल बोलणार नाही, तो जास्त पिईल. बिचारा माणूस दोन्ही दारांबाहेर. २०१२ साली ऑस्ट्रेलियात कॅथरिन मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही त्रास असलेल्या १०३ जणांवर अभ्यास केला. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीने जुन्या आठवणींना हळूहळू, सुरक्षितपणे सामोरं जायला शिकवलं. त्यांचा आघाताचा त्रास दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाला, आणि व्यसन त्यामुळे वाढलं नाही. म्हणून डॉक्टरांना सांगताना दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच दमात सांग.

"पण ते येणारच नाहीत," असं तू म्हणशील. काकी, या पत्रातलं सगळ्यात मोलाचं मी आता लिहितेय. ते काम मी राहते त्या अल्बुकर्कमध्येच, इथल्या विद्यापीठात झालंय. रॉबर्ट मायर्स यांनी उपचाराला साफ नकार देणाऱ्या पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी एक पद्धत बसवली. पिणाऱ्याला हातच लावायचा नाही, शिकवायचं बायकोला, आईला, बापाला. १९९९ साली १३० घरच्यांवर तीन पद्धती ताडून पाहिल्या. घरच्यांनी आपापल्या आधारगटात जायचं आणि पिणाऱ्याचं त्याच्यावर सोडायचं, यातून १३ टक्के पिणारे उपचाराला आले. सगळ्यांनी मिळून त्याला समोर बसवून सुनवायचं, यातून ३० टक्के. त्या गटातल्या बऱ्याच जणांना तशी बैठक घ्यायचा धीरच झाला नाही. मायर्स यांच्या पद्धतीने ६४ टक्के. आणि तिन्ही गटांत घरच्यांचा स्वतःचा जीव थोडा हलका झाला, पिणारा आला तरी आणि नाही आला तरी.

दादा येत्या रविवारी भावकीला बोलावून आप्पांना समज द्यायची म्हणतोय ना, ते कसंही करून थांबव. इथल्याच विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांना १९९३ च्या अभ्यासात दिसलं, की समुपदेशक जितका जास्त अंगावर गेला, तितका तो माणूस वर्षभराने जास्त पीत होता.

तुझ्या घरात ही पद्धत कशी बसेल ते सांगते. आप्पा सकाळी धार काढून डेअरीत दूध घालून येतात, तेव्हा शुद्धीवर असतात. ती वेळ तुझी. तेव्हा त्यांच्याजवळ बस, आल्याच्या पिकाचं बोला, चिनूला त्यांच्याबरोबर रानात पाठव. पिऊन आले की भांडू नकोस, समजावूही नकोस, जेवण झाकून ठेव आणि आजीच्या खोलीत जाऊन झोप. ओकलेलं पहाटे उठून तू पुसतेस, ते राहू दे, त्यांना दिसू दे. हॉटेलवाल्याची उधारी तू गुपचूप भागवतेस, तीही थांबव. बोलायचं तेव्हा थोडं आणि स्वतःचं बोल. "तुम्ही रात्री ओरडून उठता तेव्हा मला तुमची काळजी वाटते," एवढंच. "तुम्ही घराचं वाटोळं केलं," हे नको, खरं असलं तरी नको. आणि विसर्जनानंतरच्या सकाळसारखी वेळ येईल, जेव्हा ते स्वतःच मान खाली घालून बसतील, तेव्हा म्हण, "झोपेसाठी डॉक्टरला दाखवू, मी बरोबर येते." झोपेसाठी म्हण. ते खरंच आहे. आणि कुठे जायचं ते आधी ठरलेलं असू दे, कारण ती तयारी दुसऱ्या दिवशी टिकत नाही. त्यांनी हात उगारला तर मात्र यातलं काही करायचं नाही, चिनूला घेऊन सरळ माझ्या आईकडे जायचं.

साताऱ्यात ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं पॉलिक्लिनिक आहे, आप्पांचं कार्ड असेल, दादाला शोधायला सांग. सिव्हिललाही दाखवता येईल. दारूसाठी राहायची वेळ आली तर डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात सुरू केलेलं परिवर्तन आहे, पुण्यात १९८६ पासूनचं मुक्तांगण आहे. जिथे बांधून ठेवतात, मारतात असं ऐकलंय, त्या जागेचं नाव दादाने पुन्हा काढू नये. १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी टेली मानसचा नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. तो तुझ्यासाठीही आहे. मोठा मानसोपचारतज्ज्ञ मिळाला नाही तर काही होत नाही, असंही समजू नकोस. गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रांत साध्या, प्रशिक्षण दिलेल्या माणसांनी पिणाऱ्या पुरुषांशी मोजक्या बैठका घेतल्या, तेव्हा तीन महिन्यांनी ३६ टक्के जणांचं पिणं धोक्याच्या खाली आलं. ज्यांना नुसते नेहमीचे उपचार मिळाले त्यांत २६ टक्के. आप्पांचं दुखणं त्या लोकांपेक्षा जुनं आहे, त्यांना डॉक्टर लागेलच, पण माणसाने नीट बोलण्यात बळ आहे एवढं त्यातून दिसतं.

चिनूचं एक. आजोबांनी त्याला ट्रॉलीखाली ढकललं ते मारायला नव्हे, वाचवायला, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. तो तेव्हापासून आप्पांजवळ जात नाही म्हणे. तूच सांग, तुझं तो ऐकतो.

डॉक्टरकडे जाताना एका कागदावर लिहून ने : दारू किती आणि कधीपासून, सकाळची थरथर, पूर्वी कधी फिट आली का, बीपीची गोळी कुठली, आठवड्यातून किती रात्री ओरडून उठतात, १९८७ ते ९० कुठे होते. पुडीचंही लिही, घातली असलीस तर. त्या कागदाचा फोटो दादाला मला पाठवायला सांग. जायचा दिवस ठरला की कळव, मी त्या वेळी जागी राहीन आणि डॉक्टरांना काही विचारायचं असेल तर फोनवर असेन.

आजीला नमस्कार. चिनूला पापा.

तुझी,
सुलू