‘अजून नाही भेटला’ एवढंच सांगायला फोन करणाऱ्या काकाजींना

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही ‘राहू द्या ना जी, त्यात काय एवढं’ म्हणता आणि विषय आईच्या तब्येतीवर नेता. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि तेही उघड. तुम्ही काय केलंत ते चार लोकांनी वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरच्या डॅशबोर्डवर तिन्ही स्विच बसले. लाइटचा, पॅनलच्या दिव्याचा आणि वायपरचा. लाइटचा स्विच एक टप्पा ओढला की साइड लाइट लागतात, दुसऱ्या टप्प्याला हेडलाइट. दोन्ही टप्पे बोटाला नीट कळतात. वायपरचा सुरुवातीला अडला, मग चालला.

‘अ‍ॅम्बेसेडरच्या स्विचसाठी एवढी धावपळ?’ असं मला ज्याने त्याने विचारलं. विचारणाऱ्यांचं चुकत नव्हतं. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ही गाडी २०१४ पर्यंत निघत होती. इंजिनाचं, ब्रेकचं सामान अजूनही कुठे ना कुठे निघतं. पण आमची गाडी १९६० ची. मार्क वन. मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली पहिली अ‍ॅम्बेसेडर. मार्क टू आली तेव्हा डॅशबोर्ड बदलला आणि पुढे बदलतच गेला. त्यामुळे दुकानात ‘अ‍ॅम्बेसेडरचा स्विच’ मागितला की समोर येतो तो वीस-तीस वर्षांनंतरच्या गाडीचा. तो आमच्या भोकात बसत नाही, आणि ठोकून बसवला तर त्या डॅशबोर्डवर उपरा दिसतो.

मूळचेच स्विच हवेत, अशी अट कायद्यानेही घातलेली नाही. २०२१ च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो. त्यासाठी चेसी, बॉडी आणि इंजिनात फेरफार नको, एवढं पाहतात. स्विचचं कोणी विचारणार नव्हतं. मला ते हवे होते आईसाठी.

बाबांनी आईला ही गाडी कस्तुरचंद पार्कच्या मैदानावर शिकवली. पुढे बाबांपेक्षा तीच जास्त चालवायची. महाल, इतवारी, रामटेकच्या वाऱ्या, सगळं तिच्या हातचं. आता ती पंच्याऐंशीच्या पुढे आहे आणि डोळे साथ देत नाहीत. पण सीटवर बसवलं की तिचा हात न बघता लाइटच्या स्विचकडे जातो. तिथे काय सापडायचं? आधीच्या एका गॅरेजवाल्याने बसवलेली पत्र्याची पट्टी आणि तिच्यावर तीन बाजारी टॉगल.

त्याच्याबद्दल बोलणं मला भाग आहे. वायरिंग बदलायला म्हणून गाडी दिली होती. कापडी वेष्टणाच्या वायरी नागपूरच्या उन्हाने कडकडीत झाल्या होत्या, हात लावला की भुगा. त्या बदलणं बरोबरच होतं. पण त्याने मला न विचारता तिन्ही मूळ स्विच काढले, भंगारात टाकले आणि डॅशबोर्डला ड्रिलने भोकं पाडली. जाब विचारला तर म्हणे, ‘ताई, घरी कोणी माणूस असेल तर त्यांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो.’ त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

मग शोधाशोध. मुंबईच्या चोर बाजारात एका विक्रेत्याने ‘अगदी ओरिजिनल’ म्हणून जे गळ्यात मारलं, ते नव्या प्लास्टिकचं निघालं. कोलकात्याच्या मल्लिक बाजारातल्या एकाने पैसे आधी घेतले आणि नंतर माझा फोन घ्यायचंच बंद केलं. इथे नागपुरातही तेच. ‘बघतो’, ‘सांगतो’, ‘पुढच्या हप्त्यात या’. सगळ्यांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या. एकाने तरी सरळ ‘नाही’ म्हणावं! तेही नाही. हेलपाट्यांचं एक वेळ चालतं, पण समोरचा आपल्याला विसरून गेलाय आणि आपण मात्र त्याच्या शब्दावर बसून आहोत, हे फार लागतं.

अशात कोणीतरी तुमचं नाव सांगितलं. दुकान बंद करून तुम्हाला बरीच वर्षं झाली होती. तरी तुम्ही अंगणात खुर्ची टाकून माझं सगळं ऐकून घेतलंत. गाडीच्या सालाबद्दल विचारलंत, स्विचला किती टर्मिनल, म्हणजे वायर जोडायच्या जागा, होते ते विचारलंत, आणि माझ्याशीच बोललात. घरात कोणी माणूस आहे का, हे विचारलं नाहीत. ‘पाहतो जी,’ म्हणालात. खरं सांगते, तोवर हा शब्द इतक्यांदा ऐकला होता की मी तो मनावर घेतला नाही.

नवतपा लागला होता. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. आणि तुमचा फोन आला.

‘ताई, स्विच अजून नाही भेटला. दोन जाग्यांवर पाहून आलो. पाहून राहिलो. तुम्ही वाट पाहत असान म्हणून सांगितलं.’

एवढंच बोलून तुम्ही फोन ठेवलात. काकाजी, मी फोन हातात धरून तशीच उभी राहिले. स्विच मिळाला नव्हता. हाती काहीही आलं नव्हतं. पण या शहरात एक माणूस माझ्या कामासाठी उन्हात बाहेर पडला होता, आणि काम झालं नाही हे मला कळवावं असं त्याला वाटलं होतं. माझं वाट पाहणं कोणाच्या तरी लक्षात होतं. स्विच आणून दिलेत त्याचे आभार आहेतच, पण त्या फोनचे जास्त आहेत. स्विच कदाचित मिळालेही नसते, आणि तरी हे पत्र मी लिहिलंच असतं.

काम झाल्यावर फोन करणारे पुष्कळ असतात. त्यात त्यांनाही आनंद असतो, कौतुक ऐकायला मिळतं. काम झालं नाही तेव्हा मात्र लोक तोंड चुकवतात. रस्त्यात दिसले तर पलीकडून जातात. ‘नाही झालं’ म्हणायला लागतं तरी किती? एक मिनिट. दवाखान्यात रिपोर्टची वाट पाहणारे, कचेरीत फायलीपायी बसलेले, नोकरीच्या कॉलकडे डोळे लावून असलेले, सगळ्यांचा जीव त्या एका मिनिटासाठी टांगलेला असतो. ते मिनिट देणारा माणूस मला मोठा वाटतो, मग त्याचा हुद्दा काही का असेना. तुम्ही नंतरही फोन करत राहिलात. दर वेळी तेच, ‘अजून नाही भेटला’. आणि दर वेळी मला धीर आला.

आणि मग कामठीच्या तुमच्या जुन्या सोबत्याकडे, त्याच्या बिस्किटाच्या डब्यात, तिन्ही निघाले. ते तुम्ही आणून दिलेत तो पुडा मी जपून ठेवलाय. वर्तमानपत्रात प्रत्येक स्विच वेगळा गुंडाळलेला. तुम्ही वायरी मुळापासून छाटल्या नव्हत्या. प्रत्येक टर्मिनलला चार बोटं वायर तशीच ठेवली होती, म्हणजे जोडणाऱ्याचा गोंधळ नको. निळी हेडलाइटची, लाल साइड लाइटची, तपकिरी बॅटरीकडून येणारी. ज्या वायरीचा रंग उडाला होता तिला दोऱ्याने चिठ्ठी बांधून पेन्सिलीने लिहिलेलं, ‘लाल होती’. स्विच उलटा करून तुम्ही मला ल्युकसचा, म्हणजे गाड्यांचं विजेचं सामान बनवणाऱ्या कंपनीचा, छाप दाखवलात आणि त्याखाली ठोकलेले बारीक आकडे. महिना आणि साल. २ ६०. आमच्या गाडीच्याच सालचा!

पितळी पट्ट्या तुम्ही घासून लख्ख केल्या होत्या, पण वरच्या नॉबला हात लावला नव्हता. ‘कोनाच्या तरी बोटानं घासला आहे, तो तसाच राहू द्या,’ म्हणालात. पैशाचं विचारलं तर तुम्ही सोबत्याला दिलेले तेवढेच घेतलेत, आणि रिक्षाभाडं मी जबरदस्तीने खिशात कोंबलं तेही आईच्या हाती परत दिलंत. ते मला संध्याकाळी कळलं.

डॅशबोर्डची भोकं पत्रा भरून बुजवली, रंग दिला. डाव्या बाजूला बारकाईने पाहिलं तर खूण दिसते, ती राहील. आईने पहिल्यांदा लाइट ओढला तेव्हा ‘हा आपलाच’ म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं. पण ‘आपलाच’ हे तिचं म्हणणं मी खोडलं नाही.

दसऱ्याला गाडीची पूजा आहे. नारळ तुमच्या हातून फुटावा अशी आईची इच्छा आहे आणि माझा हट्ट. तुमच्या सोबत्यालाही कामठीहून बोलवा, त्यांना मी अजून भेटलेले नाही. सकाळी नऊपर्यंत मी गाडी घेऊन तुमच्या दारात येते. येताना तुमचा तो बारीक पेचकस खिशात असू द्या. वायपरच्या स्विचचा एक स्क्रू अजून सैल वाटतो, आणि तो दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायची माझी तयारी नाही.

तुमची,
धरमपेठेतली ताई