काढा झाला, डाळीचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

साथीची नुसती कुणकुण लागली तरी ‘इम्युनिटी बूस्टर’च्या जाहिराती सुरू होतात. नाशिकच्या सिडकोत माझी खानावळ आहे. २०२१च्या एप्रिल-मेमध्ये घरीच विलगीकरणात असलेल्या कोरोना रुग्णांना आम्ही डबे पुरवत होतो, म्हणून हे पत्र.

तेव्हा घरोघरी सुंठ-मिऱ्यांचा काढा उकळत होता आणि पोटात मात्र चहा-बिस्किटं. तोंडाला चव नाही, घशाखाली घास उतरत नाही. पोळी-भाजीचे डबे तसेच परत यायला लागले, तेव्हा आम्ही गुरगुट्या भात, मुगाचं घट्ट वरण, लिंबाची फोड आणि ज्यांना चालतं त्यांना उकडलेली अंडी द्यायला सुरुवात केली. वरच्या मजल्यावरून दोरीला बांधलेली पिशवी खाली यायची, डबा घेऊन हळूहळू वर जायची. एक आजी गॅलरीतून ओरडून म्हणाल्या, “मावशी, बाकी कशाची चव नाही, पण लिंबू तेवढं लागतंय!”

विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं प्रथिनांचीच बनतात आणि तापात शरीरातली प्रथिनं भराभर झिजतात. काढ्याने ती भरून निघत नाहीत. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या शिफारशीप्रमाणे धडधाकट माणसालासुद्धा वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे साठ किलोच्या बाईला पन्नासेक ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात फार तर सहा-सात मिळतात. पाणीदार आमटीत किती, हे कुणीही ओळखावं. नीट जेवलं म्हणून संसर्ग टळत नाही, लस ती लसच. पण उपाशी अंगाला आजार जास्त छळतो.

आता खरा मुद्दा. २०२०मध्ये मोफत रेशनवर माणशी पाच किलो धान्यासोबत कुटुंबाला महिन्याला किलोभर डाळ किंवा हरभरा मिळत होता. २०२१मध्ये तीच योजना पुन्हा सुरू झाली ती फक्त गहू-तांदळावर, तीही दुसऱ्या लाटेत! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) राज्यात १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. त्यांना नुसता भात देऊन कोणती प्रतिकारशक्ती येणार? मिसळीच्या या गावात कामगार बाईच्या ताटात मोडाची मटकी नसावी, याला काय म्हणावं!

पुढची साथ येण्याआधीच रेशनवर तूर, हरभरा, मटकी कायमची सुरू करावी. आपल्याच जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याची नागलीही (नाचणी) त्यात घ्यावी, म्हणजे तिथल्या शेतकऱ्यालाही दोन पैसे मिळतील.

– एक खानावळवाली, सिडको, नाशिक