भोकाच्या कडा मारणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका,

स. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "बरं बरं, ठेवतो" म्हणून खरंच ठेवून देता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. सूनबाई वाचून दाखवतील तेव्हा मध्येच उठून जाऊ नका.

गेल्या मंगळवारपासून आमच्या गिरगावच्या खोलीत खटक-खट, खटक-खट चालू आहे. सकाळच्या चहानंतर एकदा, दुपारी झोप मोडली की एकदा आणि रात्री बातम्या नकोशा झाल्या की पुन्हा. शेजारच्या वहिनींनी दोनदा दारातून डोकावून पाहिलं. मी म्हटलं, अप्पा काडतुसं मोजतायत. त्या गेल्या त्या अजून आल्या नाहीत.

अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, आजोबांची ती विंचेस्टर बंदूक, १८७३ चं मॉडेल. तिची नळी शिशानं बुजवून, काडतूस उडवणारी टोचणी काढून जमाना झाला, कागद ठाण्यात आहेत. भिंतीवर टांगलेलं ते एक लोखंड, बाकी काही नाही. पण काचबिंदूनं अप्पांची नजर गेली आणि बघायची वस्तू त्यांच्यापुरती संपलीच. मग त्यांनी एकच धोशा लावला: "दांडी ओढल्यावर आतला पितळी पाळणा काडतूस घेऊन वर येतो, तो आवाज एकदा ऐकव. रिकामी दांडी नुसती बोंबलते, भरलेली बोलते."

तुमच्याआधी दोघांकडे गेले होते. पहिल्यानं शोभेची सहा काडतुसं दिली, किल्लीच्या साखळीला लावतात तसली. "भिंतीवरच लावायचंय ना ताई, मग कुठलं का असेना!" दुसरे स्वतःला जुन्या वस्तूंचे जाणकार म्हणवणारे. त्यांनी घरी येऊन तीच काडतुसं भरली, ती अडकली, तर या गृहस्थांनी खिशातून कानस काढून दीडशे वर्षांच्या पाळण्याची कडाच घासली! वर आजोबांची जी एकमेव खरी पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं पितळी कवच, उरली होती, ती पॉलिश लावून आरशासारखी करून दिली. पैसे आधी घेतले होते, हे वेगळं सांगायला नको.

आणि तुम्ही? मेगाब्लॉकच्या रविवारी भांडुपहून दोन गाड्या बदलून आलात. सरबतसुद्धा न घेता खाली बसलात, मापं घ्यायचं व्हर्निअर काढलात आणि पहिलं वाक्य बोललात ते असं: "बंदुकीचा दोष नाही, काडतूस आखूड आहे." मला तेव्हा कुठे कळलं की या बंदुकीत काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक, नाक पुढे करून झोपलेली असतात आणि पाळणा सरळ वर उचलला जातो, चाळीच्या लिफ्टसारखा. काडतूस आखूड असलं तर मागे स्प्रिंगनं रेटलेल्या दुसऱ्याचं बूड पाळण्यात घुसतं, लांब असलं तर पहिल्याचंच नाक नळकांड्यात राहतं. दोन्हीकडून लिफ्ट अडकली. या बंदुकीच्या ४४-४० जातीच्या काडतुसाची पूर्ण लांबी साधारण ४० मिलिमीटर, आणि तिथे "चालतंय की" चालत नाही. कानशीची गरजच नव्हती हो!

मग ती चकचकीत पुंगळी तुम्ही उजेडात धरलीत. मानेवर उभी, केसासारखी चीर. "पेटी कुठं असायची?" अप्पा म्हणाले, गोठ्यावरच्या माळ्यावर. तुम्ही नुसती मान हलवलीत. "पितळेला जनावराचं मूत सोसत नाही." नंतर मी वाचलं, तर इंग्रजांच्या फौजेचंही हिंदुस्थानात हेच झालं होतं. पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेल्या काडतुसांचं पितळ आपोआप तडकायचं. ओढून घडवलेल्या पितळेत ताण राहिलेला असतो, त्यात दमट हवेतला अमोनिया लागला की ते तडकतं. हे १९२१ मध्ये संशोधकांनी मांडलं. तुम्ही ते अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत शिकलात की घरच्या म्हशीकडून, ते विचारायचं राहिलं. आणि त्या जाणकारांनी नेमकं काय चोळलं होतं? असल्या पॉलिशमध्येसुद्धा अमोनिया असतो, हेही तुम्हीच सांगितलंत.

पुंगळ्या नकोतच, भरीव करू म्हणालात. दारूला जागाच नाही म्हणजे पुढच्या पिढीला भीती नाही. दुकानदार लेथवर सोपा जाणारा, शिसं घातलेला दांडा देत होता. तो तुम्ही परत केलात. "अप्पा हातानं जेवतात ना? दिवसभर हेच चाचपणार." आणि घरच्या अडगळीतून सत्तर-तीसचा दांडा काढलात. ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त, म्हणजे खऱ्या काडतुसाचंच पितळ. लेथवर तो चिवट जातो, लांब वेटोळी निघतात, हत्याराला गुंडाळतात. मी गाळ्यावर आले तेव्हा तुमच्या चपलांभोवती त्या सोनेरी शेवयांचा ढीग पडला होता.

पण मला लिहायचंय ते याच्यापुढचं.

खोटं काडतूस खोटं आहे हे कुणालाही कळावं म्हणून तुम्ही प्रत्येकात आरपार भोक पाडलंत. सहाही झाली. मी पिशवी उघडली. तुम्ही म्हणालात, "थांबा." मग एकेका भोकाच्या दोन्ही कडांना हलका चॅम्फर मारलात, म्हणजे धार तिरकी घासून काढलीत, कापसाचा बोळा फिरवलात. तिसऱ्यावर एक तंतू अडकला. ते पुन्हा घेतलंत. आणि शेवटी प्रत्येक काडतूस स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे शिरा दिसतात तिथे, ओढून पाहिलंत. "बोटं माझी राठ झालीत, त्यांना बर, म्हणजे कडेची बारीक खरखर, लागत नाही. म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी असते."

तुम्ही अप्पांना एकदाच भेटला होतात, पाऊण तास. मी त्यांची मुलगी, रोज त्यांची नखं कापते, पण भोकाच्या कडेचा विचार माझ्या मनात आला नव्हता. गाळ्यातून बाहेर पडून मी टपरीपाशी उगाच थांबले, डोळे पुसायला. या शहरात रोज कुणी ना कुणी "ॲडजस्ट करून घ्या" म्हणतं आणि आपण घेतो. मग एखादा माणूस असा भेटतो, ज्याला आपण मागितलंही नव्हतं तेवढं नीट केल्याशिवाय वस्तू हातात देववत नाही. तुमच्या गाळ्याच्या रांगेत असे आणखी असतील, तर त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

मजुरीचं पाकीट मोजलंत तेव्हा वरचे दोनशे परत केलेत. ते मी अजून डब्यात वेगळे ठेवलेत, दिवाळीला तुमच्या नातवाला देणार आहे. नाही म्हणू नका.

आवाजाचं सांगायचं राहिलं. पहिल्यांदा पाळणा वर आला तेव्हा अप्पा काही बोलले नाहीत. दुसरं, तिसरं, सहावं. मग सातव्यांदा रिकामी दांडी ओढली आणि हसले. "संपली. भर गं."

पॉलिश लावायचं नाही म्हणालात, लावलेलं नाही. त्यांच्या बोटांनी सहाही आता काळपट व्हायला लागलीत. तिसरं जरा जास्तच.

तुमची,
गिरगावातली ताई